विशेष शिक्षकांचं प्रशिक्षण वर्गात आणा : एक खुलं पत्र

प्रति,
राज्यातील विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं नियोजन करणारे सर्व अधिकारी, अधिव्याख्याते आणि तज्ज्ञ मार्गदर्शक,
महाराष्ट्र राज्य.

विषय : संवाद, सामाजिक कौशल्यं आणि वर्तन यांच्या प्रशिक्षणाबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

२०२४ साली राज्य शासनाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्र म्हणजे जवळच्या दहा-बारा शाळांचा गट; एका केंद्राला एक विशेष शिक्षक. वर्षानुवर्षं कंत्राटावर, मुदतवाढीच्या पत्राची वाट बघत काम केलेल्या आमच्यासारख्यांना या निर्णयाचं मोल वेगळं सांगायला नको. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर १० विशेष विद्यार्थ्यांमागे १ आणि पुढच्या वर्गांत १५ विद्यार्थ्यांमागे १ विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं होतं. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्या राज्यांना ही पदं मंजूर करून जाहीर करण्याचा आदेश दिला. पदांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही, पण तो निदान ऐरणीवर आला आहे. त्या पदावरची व्यक्ती वर्गात जाऊन नेमकं काय करणार, याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. हे पत्र त्याबद्दल आहे.

प्रशिक्षणं आम्ही भरपूर केली. ती कुणी घेतली, कुठे घेतली, हा मुद्दा नाही. साचा एकच असतो. सकाळी नोंदणी, दीपप्रज्वलन, मग २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातले २१ प्रकार, एकेका प्रकाराला दोन-तीन स्लाइड. दुपारी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), मदतनीस भत्ता, वाचक भत्ता, प्रवास भत्ता, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, माहिती कशी भरायची. शेवटच्या दिवशी शेवटचा तास ‘वर्तन समस्या’. तोवर निम्मे लोक एसटीची वेळ बघत असतात. यातली माहिती निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. भत्ता रखडला की मुलीला रिक्षाने शाळेत आणणं आईला परवडत नाही आणि मुलगी घरी बसते, हे मी पाहिलंय. पण शाळेच्या दारात पाऊल टाकलं की मुख्याध्यापक भत्त्याबद्दल बोलत नाहीत. ते म्हणतात, “मॅडम, हा बघा, आज परत दोघांना चावला. काय करायचं याचं?”

या प्रश्नाला उत्तर देता येणं हा आमच्या कामाचा गाभा आहे, आणि त्याचंच शिक्षण आम्हाला सगळ्यात कमी मिळालं आहे.

तिसरीतला एक मुलगा घ्या. बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. गणिताचा तास सुरू झाला की तो पाटी फेकतो, दप्तर लाथाडतो. बाई त्याला बाहेर ओट्यावर बसवतात. महिन्या-दोन महिन्यांत पाटी फेकणं वाढतं आणि बाई म्हणतात, याला शिक्षेचा काही उपयोगच होत नाही. उपयोग होतोय, फक्त तो मुलाला होतोय. नको असलेलं गणित दर वेळी टळतंय. हे ओळखायला मोठी साधनं लागत नाहीत. कागदावर तीन रकाने आखायचे : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर लगेच मोठ्यांनी काय केलं. आठवडाभर प्रामाणिकपणे भरले की दिसायला लागतं, या मुलाला कुणाचं लक्ष हवंय, एखादी वस्तू हवीय, कामातून सुटका हवीय, की त्याच्या शरीराला त्या हालचालीचीच गरज आहे. मग पाटी फेकण्याच्या जागी त्याच अर्थाचं, पण सगळ्यांना चालेल असं काही त्याला शिकवायचं. ‘मदत करा’ असं चित्र असलेलं कार्ड, किंवा ‘थोडं थांबू’ असं कार्ड. अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली हे संशोधनातून मांडलं. त्याला ४० वर्षं झाली, आणि आमच्याकडच्या कितीतरी शाळांत ‘वर्तन समस्या’ म्हटलं की अजून ओटाच आठवतो.

वर लिहिलंय ते वाचायला सोपं आहे. करायला अवघड आहे, आणि अवघड भाग सुरू होतो तिथे प्रशिक्षण संपलेलं असतं. कार्ड मुलाच्या हाताच्या टप्प्यात हवं. ते बाईंच्या कपाटात असेल तर पाटीच जास्त जवळ असते. सुरुवातीच्या दिवसांत त्याने कार्ड दाखवलं की त्याच क्षणी सुटका मिळायला हवी. शिक्षकांना हा लाड वाटतो. ते म्हणतात, असं केलं तर हा दर मिनिटाला कार्ड दाखवेल. दाखवतोच. दाखवू द्यायचं असतं, कारण पाटीपेक्षा कार्डाने काम लवकर होतं यावर आधी त्याचा विश्वास बसावा लागतो. मग ‘आणखी एक गणित, मग थांबू’, नंतर ‘दोन गणितं’ असं करत वाट बघायला शिकवायचं. त्यातच जुनं वागणं सहजासहजी जात नाही. पूर्वीसारखं काही पदरात पडेना झालं की ते काही दिवस उसळून येतं. नेमक्या त्याच दिवसांत मुख्याध्यापक, पालक, शेजारच्या वर्गाचे गुरुजी सगळे सांगतात की या कार्डा-बिर्डांनी काही होत नाही. त्या दिवसांत बाईंच्या शेजारी कुणी जाणकार उभं असेल तर योजना तगते, नाही तर मुलगा पुन्हा ओट्यावर जातो. कधी उत्तर द्यायचं, कधी एक श्वास थांबायचं, आवाज किती खाली ठेवायचा, हे स्लाइडवरून शिकता येत नाही. तबल्याचे बोल वहीत उतरवून हात बसत नाही, तसंच हे.

आणि रकाने आखण्याच्याही आधीची एक पायरी आहे, जी मी एकाही स्लाइडवर पाहिलेली नाही. एखादी मुलगी अचानक डोकं आपटायला लागली तर आधी तिचा कान बघा, दाढ बघा. पोट साफ होतं का, पाळी सुरू झाली का, फिटच्या गोळ्या बदलल्या का, हे घरी विचारा. जिला बोलता येत नाही तिला दुखणंही सांगता येत नाही. जिला दवाखान्यात न्यायला हवं तिच्यासाठी शाळेत बसून वर्तन आराखडा लिहिणं हा तिच्यावरचा अन्याय आहे. प्रत्येक विशेष शिक्षकाकडे हे प्रश्न छापलेलं एक पान असलं पाहिजे, आणि ते पान भरल्याशिवाय पुढचा कागद उघडायचा नाही, असा दंडक असला पाहिजे.

वेळापत्रकात संवाद, सामाजिक कौशल्यं आणि वर्तन हे तीन वेगळे तास असतात, तीन वेगळ्या वक्त्यांचे. मुलाच्या दिवसात ते वेगळे नसतात. चावणाऱ्या, पळून जाणाऱ्या, किंचाळणाऱ्या मुलांमध्ये ज्यांच्याकडे आपलं म्हणणं सांगायचा कुठलाच चालता मार्ग नाही अशी मुलं किती आहेत, हे तुमच्यापैकी कुणीही एका केंद्रात चार दिवस फिरून पाहावं. म्हणून माझी पहिली विनंती अशी की प्रशिक्षणाची सुरुवात संवादापासून करा आणि सगळ्यात जास्त वेळ त्याला द्या.

इथे एक समजूत फार चिवट आहे. चित्रं हातात दिली तर मूल बोलायचंच थांबेल, अशी. पालक असं म्हणतात तेव्हा त्यांची भीती समजते. शिक्षकही तेच म्हणतात तेव्हा वर्षं वाया जातात. पाच-सहा वर्षांचं मूल ‘आधी बोलू दे, मग बघू’ म्हणत दहा वर्षांचं होतं. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्यांच्याबद्दलचा पुरावा पक्का होता अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रं किंवा खुणा वापरल्याने कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगितलं जावं आणि मराठीत छापून प्रत्येक पालकाच्या हातात पडावं.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी नाही. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो हे मोफत अॅप मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. फोन नसेल तर पुठ्ठा, मुलाच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो आणि लॅमिनेशन एवढ्यावर संवाद-तक्ता होतो. अडचण तक्ता वापरण्याची आहे. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांवर पाणी, जेवण, शू, घर, आई एवढंच असतं. त्यावर ‘नको’ नसतं. ‘आणखी’, ‘थांब’, ‘माझं’, ‘दुखतंय’, ‘हे काय आहे?’, ‘मला राग आला’ यांतलं काही नसतं. म्हणजे मुलाने मागावं एवढीच आपली अपेक्षा. त्याने नाकारावं, विचारावं, तक्रार करावी, गंमत करावी, हे तक्ता करणाऱ्याच्या मनातच आलेलं नसतं. दुसरं असं की तक्ता मुलासमोर ठेवून मोठे विचारत बसतात, “दाखव, पाणी कुठंय?” ही परीक्षा झाली. मोठ्यांनी स्वतः बोलताना चित्रांवर बोट ठेवत राहायचं असतं, आठवडे, महिने, मुलाकडून उत्तराची अपेक्षा न धरता. बोलणारी मुलं वर्षभर नुसती ऐकतात आणि मग पहिला शब्द बोलतात. या मुलांना मात्र आपण पहिल्याच दिवशी उत्तर मागतो. हे ‘बोलता बोलता दाखवणं’ अंगवळणी पडायला हवं, आणि त्यासाठी प्रत्येक शिक्षकाला खऱ्या मुलासमोर, कुणीतरी बघत असताना, अनेकदा ते करावं लागेल.

भाषेचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. नंदुरबारच्या धडगावात मुलाच्या घरी पावरी बोलतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, खानदेशात अहिराणी. प्रमाण मराठीतला तक्ता या मुलांना घरी चालत नाही, आणि जो घरी चालत नाही तो शाळेतही फार दिवस टिकत नाही. चित्राखालचा शब्द आजीच्या तोंडचा असला पाहिजे. हे काम राज्यपातळीवर बसून होणार नाही. पण तक्ता करताना आईला आणि आजीला समोर बसवून शब्द कसे निवडायचे, याचं प्रशिक्षण राज्यपातळीवरून नक्की देता येईल.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दल इथे थोडं थांबून लिहिते, कारण त्यांचा उल्लेख अशा प्रशिक्षणात मी कधी ऐकला नाही. बीड आणि आसपासच्या भागातून दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. धडधाकट मुलं आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात. ज्या मुलाला आईशिवाय कुणी सांभाळू शकत नाही ते मात्र आईबरोबर फडावर जातं. म्हणजे ज्याला रोजच्या सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्याचंच निम्मं वर्ष शाळेबाहेर. अशा मुलाचा आराखडा शाळेच्या कपाटात ठेवून काय उपयोग? तक्ता त्याच्याबरोबर गेला पाहिजे, पावसात आणि उसाच्या पाचटात टिकेल असा, दोन प्रतींत. आईला ऑक्टोबर उजाडायच्या आत तो वापरायला शिकवलं पाहिजे. जिथे टोळी उतरणार त्या भागातल्या केंद्राच्या विशेष शिक्षकाला फोन गेला पाहिजे की हा मुलगा येतोय, त्याला ही सात चित्रं येतात, दात दुखला की तो कान ओढतो. आता प्रत्येक केंद्राला एक व्यक्ती असणार असेल तर हे पहिल्यांदाच शक्य होईल. हा फोन करणं हा विशेष शिक्षकाच्या कामाचा भाग आहे, असं प्रशिक्षणात कुणीतरी सांगायला हवं.

सामाजिक कौशल्यांबद्दल मला जरा स्पष्ट लिहायचं आहे. या नावाखाली जे शिकवलं जातं त्यात नजरेला नजर देणं, नमस्कार करणं, सॉरी म्हणणं, हाताची घडी घालून बसणं यांचा भरणा असतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला डोळ्यांत बघून ऐकणं अनेकदा कठीण जातं. बळेच बघायला लावलं तर ऐकायचं राहून जातं. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की स्वमग्न आणि इतर माणसं यांच्यातला न समजण्याचा प्रश्न दुहेरी असतो, एकाच बाजूचा नव्हे. आपल्या प्रशिक्षणात मात्र सगळी दुरुस्ती एकाच बाजूची करायची असते. उरलेल्या तीस मुलांना काय शिकवलं? मधल्या सुट्टीत लंगडी चालली असताना हा मुलगा मैदानाच्या कडेने कुंपणाला हात लावत फिरतो, तेव्हा त्याला खेळात कसं घ्यायचं, त्याने कान झाकले तर काय समजायचं, तो बोलायला वेळ घेतो तर किती थांबायचं, हे दुसऱ्या मुलांना कुणी दाखवलं का? दोन-तीन समंजस सवंगड्यांना थोडं शिकवलं तर ती आमच्यापेक्षा चांगलं काम करतात, कारण ती रोज असतात आणि त्यांच्या खेळात मुलाला खरा रस असतो. लगोरीत आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे वर्गातल्या चित्रकार्डावर शिकवलेल्या ‘पाळी’पेक्षा कितीतरी लवकर कळतं. म्हणून या विषयाचं प्रशिक्षण मैदानावर आणि पोषण आहाराच्या रांगेत व्हायला हवं.

यात एक गोष्ट अशी आहे की ती लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहायलाच हवी. मोठी माणसं सांगतील ते मुकाट्याने करणं याला जर आपण चांगलं वागणं म्हटलं, आणि तेच वर्षानुवर्षं शाबासकी देऊन घट्ट केलं, तर त्या मुलीला नको असलेला स्पर्श नाकारायचं बळ कुठून येणार? तिच्या तक्त्यावर शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं नसतील, ‘नको’ नसेल, ‘याने मला असं केलं’ सांगायची सोय नसेल, तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधात २०१२ साली आलेला पॉक्सो कायदा तिच्यापर्यंत पोचतच नाही. बोलू न शकणाऱ्या मुलींच्या पालकांना रात्री झोप लागू न देणारी भीती ही आहे. ‘नाही’ म्हणणं हे सामाजिक कौशल्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर हवं. वर्गात ते गैरसोयीचं वाटलं तरी हवं.

शिक्षेबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. तरी मुलाला बाकाला ओढणीने बांधणं, खोलीत एकटं कोंडणं, अकरा वाजता आईला फोन करून ‘घेऊन जा’ सांगणं चालतं. करणारे शिक्षक दुष्ट नसतात. एका वर्गात दोन-दोन इयत्ता, त्यात हा एक, आणि दुसरं काय करायचं ते कुणी दाखवलेलं नाही. मनाईचं परिपत्रक त्यांच्याकडे असतं; हवा असतो तो पर्याय, करून दाखवलेला.

आता आमच्याबद्दल. आमचं शिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेच्या पदविका किंवा पदवीचं, आणि ते बहुतेक एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वाचं. कुणी कर्णबधिर मुलांसाठी शिकलं, कुणी अंध, कुणी बौद्धिक अक्षमता. नेमणूक मात्र सगळ्यांसाठी. कर्णबधिरांसाठी पदविका केलेली माझी सहकारी आज सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला भिंतीला टेकवून बसवायचं कसं ते शोधते आहे, आणि त्याच दुपारी दुसऱ्या गावात कानांवर हात ठेवून ओरडणाऱ्या मुलीकडे जाते. तिची निष्ठा मी रोज बघते. तिला जे शिकवलं नाही ते तिच्याकडून मागणं बरोबर नाही. परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण गोळा करावे लागतात. ते गुण बहुतेक सभागृहात बसून मिळतात. त्यांतला मोठा हिस्सा मुलासमोर केलेल्या, दुसऱ्याने पाहिलेल्या आणि नोंदवलेल्या कामाला द्यावा, अशी शिफारस राज्याकडून गेली तर आमच्या शिकण्याची दिशाच बदलेल.

शिवाय केंद्रस्तरावरचं पद म्हणजे एक माणूस आणि दहा-बारा शाळा. एका मुलाच्या वाट्याला आम्ही आठवड्यातून एकदा आलो तरी खूप. मूल रोज येतं आणि रोज वर्गशिक्षकाबरोबर, घरी आईबरोबर असतं. म्हणजे आमचं निम्मं काम मोठ्यांना शिकवण्याचं आहे. वीस वर्षं नोकरी झालेल्या गुरुजींना, त्यांचा मान राखून, “सर, उद्या हे असं करून बघू या का? मी शेजारी थांबते” असं म्हणणं हे वेगळंच कौशल्य आहे. ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. नव्या प्रशिक्षणात त्याला जागा नसेल तर बाकी सगळं शिकूनही वर्गात फार बदल होणार नाही.

पद्धतीबद्दल माझं म्हणणं असं. राज्याचं प्रशिक्षण जिल्ह्याला, जिल्ह्याचं तालुक्याला, तालुक्याचं केंद्राला, ही उतरंड माहिती पोचवण्यासाठी चालून जाते. कौशल्य तिच्यातून खाली येत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की व्याख्यान आणि प्रात्यक्षिक झाल्यावरही शिकलेलं वर्गात उतरत नाही; शिक्षकाच्या वर्गात जाऊन कुणी मार्गदर्शन केलं तर उतरतं. मग आपण तसंच का करू नये? माहितीचा भाग दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावर टाका, आम्ही घरी बघू. एकत्र जमायचे दिवस एखाद्या चालू शाळेत भरवा. सकाळी अनुभवी व्यक्ती मुलाबरोबर काम करेल, आम्ही बघू. मग आम्ही करू, ती बघेल. दुपारी त्यावरच बोलू. त्यानंतर सहा महिने तीच व्यक्ती महिन्यातून दोनदा आमच्या केंद्रात येऊन आमचं काम बघेल आणि जागच्या जागी सांगेल. एका मार्गदर्शकाकडे सात-आठ विशेष शिक्षक, त्याहून जास्त नकोत. खर्च वाढेल, हे मान्य. पण शंभर जणांना तीन दिवस बसवून त्यांच्यातल्या कुणाच्याही वर्गात काही बदललं नाही, तर तोही खर्चच आहे.

अशी माणसं कुठून आणायची, असं विचाराल. ती राज्यात आहेत. वांद्र्याला वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नवी मुंबईत बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईत बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी १९४४ पासून चालत आलेली जयवकील शाळा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विशेष शाळांत पंचवीस-पंचवीस वर्षं याच मुलांबरोबर काम केलेल्या शिक्षिका आहेत. अडचण अशी की विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि आम्ही शालेय शिक्षण विभागाकडे. एकाच गावात, एकाच रस्त्यावर असूनही आमची गाठ पडत नाही. त्या शिक्षिकांना कर्तव्यरजा आणि मानधन देऊन आमच्या शाळांत मार्गदर्शक म्हणून पाठवणारा एक संयुक्त आदेश दोन्ही विभागांनी काढला तर पहिल्या वर्षाची बरीच सोय होईल. पालकांनाही मार्गदर्शक म्हणून बोलवा, आभारप्रदर्शनापुरतं नव्हे, एक पूर्ण सत्र घ्यायला. स्वमग्न प्रौढ व्यक्ती आता स्वतःबद्दल बोलू-लिहू लागल्या आहेत. त्यांच्या तोंडून एकदा ऐकलं की आवाज आणि स्पर्श का सहन होत नाहीत हे जन्मभर लक्षात राहतं.

मराठी साहित्याचाही विचार व्हावा. आम्हाला दाखवतात त्या चित्रफितींत गालिचा घातलेली खोली, एक मूल आणि दोन तज्ज्ञ असतात. आमच्या वर्गात पत्र्यावर पाऊस वाजत असतो, बाहेर खिचडीचं पातेलं उतरत असतं आणि दारातून तीन मुलं डोकावत असतात. अशा वर्गात नीट झालेल्या कामाची चित्रफीत हवी, पालकांची लेखी परवानगी घेऊन आणि मुलाची प्रतिष्ठा राखून. मुलाचं ओरडणं, पडणं त्यात दाखवू नका; शिक्षिकेने काय केलं ते दाखवा.

आणि मूल्यमापन. प्रशिक्षण झालं का, हे आजवर हजेरीपट आणि उत्तरचाचणीवरून ठरत आलं. यापुढे सहा महिन्यांनी केंद्रात येऊन बघा. किती मुलांकडे रोज वापरात असलेला संवादाचा मार्ग आहे? तो घरीही वापरतात का? किती मुलांना ‘नको’ सांगता येतं आणि ते ऐकलं जातं? किती मुलं आता शाळेची पूर्ण वेळ थांबतात? मधल्या सुट्टीत कोण कुणाबरोबर आहे? हे मोजायला यू-डायसमध्ये रकाना नाही. एक साधा कागद पुरेल, आणि तो भरायला आमची ना नाही.

नव्या पदांवर रुजू होणाऱ्यांच्या पहिल्या प्रशिक्षणाचा आराखडा अंतिम होण्याआधी प्रत्येक विभागातून चार-पाच विशेष शिक्षक, दोन पालक आणि एखादा वर्गशिक्षक यांना चर्चेला बोलवावं, अशी विनंती आहे. आमच्या तालुक्यातल्या दोन जिल्हा परिषद शाळांचे मुख्याध्यापक प्रात्यक्षिकाच्या दिवसांसाठी वर्ग द्यायला तयार आहेत. एक शाळा एसटी थांब्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. जून-जुलैत पेरणीमुळे हजेरी कमी असते आणि दिवाळीनंतर तोडीची मुलं गेलेली असतात, म्हणून ऑगस्ट किंवा सप्टेंबरमधल्या तारखा ठरवाव्यात.

कळावे,

आपली,
तालुकास्तरावर काम करणारी एक विशेष शिक्षिका